वाक्यात उपयोग

त्या दिवशी दुपारी कंपनीतली वीज गेली नसती, तर रविना नेहमीसारखी साडेसहाला घरी आली असती. पोरगी जेवून झोपलेली असती, ताटल्या घासून पालथ्या घातलेल्या असत्या आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण वीज गेली. जनरेटरने दोनदा धाप टाकली आणि तो बसला, शीतगृहाचा काटा चढायला लागला, मॅडमनी कपाळाला हात लावला आणि पाळीतल्या सगळ्या बायकांना घरी जायला सांगितलं. रविना शहापुरातल्या आपल्या दोन खोल्यांचा जिना चढून वर आली तेव्हा दीड वाजला होता. दार नुसतं लोटलेलं. चपला काढता काढता आतून आवाज आला, दाताखाली काहीतरी कटकन फुटल्याचा, आणि मागोमाग काजलचं खिदळणं. काजल खिदळत होती, म्हणजे जेवत होती. गेले दोन महिने दीड वर्षाची ही पोर चमचा दिसला की तोंड मिटून घ्यायची. त्या हसण्याने रविनाला बरं वाटलं, आणि तशा बऱ्या मनानेच ती स्वयंपाकघराच्या दारात गेली.

काजलला सांभाळायला आलेली रविनाची आई, हिरी, फरशीवर पाय पसरून बसली होती आणि काजल तिच्या नडग्यांवर. शेजारी ॲल्युमिनियमच्या ताटलीत उकडलेले खेकडे. रविवारी डोळखांबकडच्या आपल्या वाडीवर जाऊन आली तेव्हा हिरीने ते डालड्याच्या जुन्या डब्यात घालून एसटीने आणले होते, जिवंत, झाकणाला भोकं पाडून. आता तिने खेकड्याच्या नांगीचा एक आकडा उजव्या दाढेखाली धरला, कटकन फोडला, जिभेने कवच बाजूला सारलं, ओठांच्या कोपऱ्यातून फुंकल्यासारखं थुंकून टाकलं, आतला पांढरा गर तोंडातच घोळवला, एखादी कुसळी राहिली नाही ना ते जिभेने चाचपलं आणि मग तो ओला, चघळलेला गर बोटांनी ओठांवरून उचलून पोरीच्या तोंडात घातला. पोरीने तो घेतला. चिमणीच्या पिलासारखा पुन्हा आ केला. हिरीचे दात मशेरीने काळे पडलेले, खालच्या हिरड्यांतून तो काळा रस लाळेबरोबर ओघळल्याची एक रेघ तिच्या हनुवटीवर असायचीच, आणि गराला जोडून आलेली लाळेची एक तार त्या दोन तोंडांच्या मध्ये उन्हात लखलखली आणि तुटली. रविनाच्या पोटातून काहीतरी थेट गळ्याशी आलं. आंबट, गरम. ती धावली, पोर उचलली, तर्जनी तिच्या तोंडात घातली आणि आतलं मांस उकरून बाहेर काढलं. काजलला उमासा आला, ती लालेलाल झाली आणि मग जी रडायला लागली, ती खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघायला लागली तरी थांबेना.

"थुंकी घालतेस तिच्या तोंडात? आये, अगं थुंकी?" रविना ओरडली. बेसिनपाशी तिने पोरीचं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, स्वतःचं बोट साबणाने तीनदा धुतलं.

"असा काय करतेस गो? काटा लागंल म्हनून फोडून देत व्हते," हिरी म्हणाली. अर्धा फुटलेला आकडा अजून तिच्या हातात होता. "तू पन असाच खाल्लास. काय जाला तुला?"

"अनहायजिनिक आहे ते! कळतं का तुला? अनहायजिनिक!"

कळणार कुठून? हा शब्द हिरीने जन्मात ऐकला नव्हता. तिने हातातला आकडा हळूच ताटलीत ठेवला, ताटली उचलली आणि ती गॅलरीत जाऊन बसली. रविना मात्र मोरीत उभी राहून कोरड्या ओकाऱ्या काढत राहिली. तू पन असाच खाल्लास, हे शब्द तिच्या कानात नाही, जिभेवर येऊन बसले होते. भिवंडीकडच्या वीटभट्टीवरचं पाल, वारा आला की भातात पडणारी राख, आणि आईच्या तोंडातून आपल्या तोंडात आलेला तो कोमट, मऊ, तंबाखूची झाक असलेला घास. तेव्हा तो गोड लागायचा. गोड लागायचा हे आठवलं तशी रविनाला जास्तच शिसारी आली, आणि ती शिसारी आईची होती की स्वतःची, हे काही तिला ठरवता येईना. आपल्या या अंगाची मुळातली माती त्या लाळेतच मळलेली आहे, आणि ती साबणाने धुवायची म्हटलं तर सुरुवात कुठून करायची, असलं काहीतरी तिच्या डोक्यात आलं. तिने तोंडावर पाणी मारलं आणि नळ घट्ट बंद केला.

आता या शब्दाशी रविनाचं नातं असं की तिची भाकरीच त्याच्यावर होती. हायवेच्या कडेच्या त्या कंपनीत मुंबईच्या लोकांसाठी चिरलेल्या भाज्या आणि मोडाची कडधान्यं पाकिटांत भरली जात. तिथे ती बारावीनंतर पाकिटं भरायला लागली होती. पाच वर्षांत हायजीन ट्रेनर झाली. दर सोमवारी नव्या बायका यायच्या, कुणी डोळखांबच्या बाजूच्या, कुणी किन्हवलीच्या, हातात हिरव्या बांगड्या, नखांत चिखल, आणि रविना त्यांच्यासमोर पांढरा कोट घालून उभी राहायची. बांगड्या काढा. मंगळसूत्र आत घाला. डोक्याला जाळी, हाताला निळे मोजे, पाय औषधाच्या पाण्यात बुडवा. मग ती फळ्यावर हायजीन हा शब्द देवनागरीत लिहायची आणि आश्रमशाळेतल्या बाईंच्या सुरात विचारायची, अर्थ काय? बायका लाजून एकमेकींकडे बघायच्या. कुणीतरी म्हणायची, साफसफाई. रविना मान हलवायची. साफसफाई डोळ्यांना दिसते, हे त्याच्या पुढचं आहे. मग ती काचेच्या बश्या दाखवायची. मॅडमनी एकदा सगळ्यांचे पंजे एका जेलीसारख्या थरावर दाबून घेतले होते, स्वच्छ दिसणारे पंजे, आणि चार दिवसांनी त्या बश्यांत हात उगवले होते. पाच बोटं, तळवा, सगळं काही, पण बुरशीचं. पिवळं, लोकरीसारखं, कडेला हिरवट. बायका ई करून मागे सरायच्या. त्यातला एक पंजा खुद्द रविनाचा होता, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. तो बघितल्यापासून महिनाभर तिला स्वतःच्या हाताने जेववत नव्हतं, ती चमच्याने भात खायची आणि हरेश, तिचा नवरा, तिला आमची विलायती म्हणून चिडवायचा.

शाळेत पाच मार्कांचा प्रश्न असायचा: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. रविनाला त्यात नेहमी पाचपैकी पाच. अर्थ पाठ करता येतो, वाक्यासाठी डोकं लागतं, असं बाई म्हणायच्या. त्या शाळेत ती आठव्या वर्षी गेली होती. पहिल्या दिवशी अधीक्षिकाबाईंनी तिचे केस कापले, डोक्याला रॉकेल चोळलं, दगडाने घोटे घासले, आणि ती रडली नाही. उलट घोट्याखालून निघालेली गोरटेली कातडी बघून तिला नवल वाटलं होतं. दोन महिन्यांनी आई भेटायला आली. कुंपणापाशी उभी राहिली, पदरात भाजलेल्या आठळ्या बांधून. रविना धावत गेली आणि दोन पावलं अलीकडे थांबली. आईला वास येत होता. धुराचा, घामाचा, सुकटीचा, ओल्या फडक्याचा. आईला वास असतो हे तोवर तिला ठाऊकच नव्हतं, माशाला काय पाण्याचा वास येतो? तिने आठळ्या घेतल्या, आई गेल्यावर त्या नळाखाली धुतल्या आणि मग खाल्ल्या. तेव्हा तिच्याजवळ शब्द नव्हता. शब्द पुढे आला, आला तेव्हा जागा तयारच होती.

संध्याकाळी काजल रडून रडून झोपली, हरेश कामावरून यायचा होता, आणि गॅलरीतून हिरी आत आली. रागबिग काही दिसत नव्हता. ती उंबऱ्याशी टेकली आणि म्हणाली, "दुपारी म्हनलीस तो शबूद काय? सांग मना."

रविनाला ओशाळल्यासारखं झालं होतंच. तिला वाटलं, ही चांगली संधी आहे, नीट समजावून सांगू. ती आईसमोर मांडी घालून बसली आणि सोमवारचा सगळा वर्ग तिने घेतला. हाताला, नखाला, थुंकीला बारीक जंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या अंगात जातात. मोठ्या माणसाला काही होत नाही, पण ज्याला लागतात तो आजारी पडतो.

"म्हंजे दिसत नाय, पन असता," हिरी म्हणाली.

"हो."

"आनि शिवला का लागता."

"हो. शिवलं की लागतं."

"धुतला तर जाता?"

"साबणाने जातं. पण सगळं नाही जात गं. म्हणून तर मोजे घालायचे, भांडी वेगळी ठेवायची."

हिरीने बराच वेळ मान हलवली. "कळला," ती म्हणाली. आणि रविनाला खरंच बरं वाटलं. कंपनीतल्या बायकांना जे तीन आठवड्यांत डोक्यात शिरत नाही ते या अडाणी बाईला एका बैठकीत कळलं. रात्री तिने हरेशला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून घर चकचकीत झालं. हिरी पहाटे उठून फरशी पुसायची, काजलचा पेला उकळत्या पाण्यातून काढायची. रविनाने कंपनीतून आणलेले निळे मोजे घालून ती पोरीला भरवायची, चमच्याने. पोर तोंड फिरवायची, पण हिरी चमचा सोडायची नाही. तिचा स्वतःचा चहा स्टीलच्या कपात नाही, एका कान तुटलेल्या कपात असायचा, आणि तो कप गॅलरीत, नळाच्या मागे. जेवायला ती सगळ्यांच्या मागून बसायची, उठली की बसल्या जागी ओलं फडकं फिरवायची. पोरीला पाणी द्यायचं झालं तर तांब्या उंच धरून वरून धार सोडायची. रविना हे सगळं बघत होती आणि खूश होती. एकदा तर ती म्हणाली, "आये, तुला कंपनीत घेते बघ." हिरी हसली. तिसऱ्या दिवशी सकाळी रविनाला घाई होती. तिने पायात चपला सरकवल्या आणि किल्लीसाठी हात मागे केला. हातात किल्ली आली नाही. तिने वळून बघितलं. हिरीने किल्ली फरशीवर ठेवली होती आणि ती दोन पावलं मागे सरून, हात पदरात घेऊन, खाली बघत उभी होती, रविनाने किल्ली उचलायची वाट बघत.

ती उभं राहण्याची रीत रविनाच्या ओळखीची होती. कुठे बघितली, कुठे बघितली, करत ती जिना उतरली आणि तळमजल्याच्या दाराशी तिला आठवलं. लहानपणीचं गावातलं दुकान. दुकानदार मीठ कागदावर ओतायचा आणि कागद पायरीवर ठेवायचा, हिरी पैसे पायरीवर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची. दोघांत एक शब्द नाही, एक बोट नाही. विहिरीवर गावातली बाई वरून धार धरायची आणि हिरी ओंजळ तोंडाशी नेऊन वाकायची. रविनाने तेव्हा विचारलं होतं, आपला हात का नाय चालत? आणि हिरीने म्हटलं होतं, आपल्या हाताला असता काय तरी. दिसत नाय. रविना जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मग पुन्हा वर गेली, दोन दोन पायऱ्या एकदम.

"आये, हे काय चालवलंस?"

"तुजा ता हायजीन," हिरी म्हणाली. शब्द तिने अगदी स्वच्छ उच्चारला. पाठ करून ठेवला असावा.

"असं नसतं गं ते! किल्ली हातात द्यायची. असं खाली काय ठेवतेस?"

"तूच म्हनलीस, शिवला का लागता. आमाला शिकवाया नको गो. आमचा सगला जल्म त्यात गेला. त्या टायमाला त्याला दुसरा नाव व्हता, येवढाच."

"नाय आये, ते वेगळं! ते जातीचं. खोटं. हे सायन्स आहे, हे सगळ्यांना सारखं असतं, माझ्याही हाताला..."

"आसंल. मी कुठं नाय म्हनते?" हिरी म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. "पन करायचा तर सारकाच ना?"

रविना त्या दिवशी कामावर गेली. गेली म्हणजे अंग गेलं. दिवसभर ती उत्तर शोधत होती, आणि उत्तर होतंच, एक सोडून दहा होती. जंतू खरे असतात, बशीत उगवतात, ते जात विचारत नाहीत, साबणाने मरतात. विटाळ कुठल्या बशीत उगवला आहे? अर्थात फरक आहे, जमीनअस्मानाचा फरक आहे. पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी तिला ती दुपार दिसायची आणि ती स्वतःला विचारायची, की आई समोर खेकडा फोडत होती तेव्हा तुला काय जंतू आठवले होते, रविना? खरं सांग. ते काळे दात, ती हनुवटीवरची रेघ, ती भट्टीची राख, हे आठवलं होतं. सायन्स नंतर आलं. हरेश तुझ्याच चमच्याने खातो, ऑफिसातल्या मॅडम तुझ्या डब्यातली भाजी चाखून तोच चमचा पुन्हा डब्यात घालतात, तेव्हा कुठे असतात तुझे जंतू? उलट मॅडमनी खाल्लं की तू फुशारतेस. तिला टोकावड्याचं आठवलं. सासर तिकडचं, मुरबाडच्या पुढे माळशेजच्या रस्त्यावर, घरची भातशेती, आणि हरेशने आदिवासी वाडीवरची पोरगी केली म्हणून आधीच तोंड वाकडं झालेलं. काजलच्या बारशाला सगळ्या बायकांना चहा स्टीलच्या पेल्यांत आला आणि एकट्या हिरीला प्लास्टिकच्या, वापरून फेकायच्या. सासूबाई म्हणाल्या, अगं पेले कमी पडले. रविनाने त्या दिवशी परातभर पेले रिकामे बघितले होते मोरीवर. वर्षभर ती टोकावड्याला गेली नाही, हरेशशी भांडून भांडून नाही गेली, आणि आता तिच्या स्वतःच्या गॅलरीत, नळाच्या मागे, कान तुटलेला कप होता. तिला स्वतःची इतकी घाण वाटली की दुपारच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा हिरी पिशवी भरून तयार होती. वाडीवर काम निघालंय म्हणाली. कसलं काम, ते सांगितलं नाही. रविनाने तिला धरायला हात पुढे केला, तर हिरीने अंग चोरलं, सहज, सवयीने, गर्दीत चोरतात तसं. खाली वाकून लांबूनच काजलवरून हवेत हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली आणि रात्रीची शेवटची गाडी धरून ती गेली.

मग आठ दिवस नुसती तारांबळ. हरेशने दोन दिवस रजा काढली, दोन दिवस रविनाने. खालच्या बाईकडे पोर ठेवून बघितली, पोर तिथे काही खाईना, दुधावर राहिली, डॉक्टर म्हणाले वजन उतरलंय. सासूबाईंचा फोन आला, नातीला इकडे आणून सोडा. हरेश गप्प बसला, म्हणजे त्याला ते पटलं होतं. मॅडम म्हणाल्या, रविना, सोमवारी तुम्ही आला नाहीत तर नवीन बॅच मी संजीवनीला देईन. सरळ बोलल्या त्या, त्यांचंही काही चुकलं नाही. पण रात्री कूस बदलताना रविनाला नोकरीची नव्हे, त्या चोरलेल्या अंगाची आठवण यायची. आई आपल्याला शिवली नाही. आता ती कधीच शिवणार नाही, मरेपर्यंत हात पदरात घेऊन दोन पावलांवर उभी राहील, आणि हे आपण तिला शिकवलं, मांडी घालून, उदाहरणं देऊन. रविवारी उजाडताच तिने काजलला कडेवर घेतलं आणि डोळखांबची एसटी पकडली. आईला आणायचंच. पाया पडावं लागलं तरी.

फाट्यापासून वाडी अर्ध्या तासावर. भात पोटरीला आलेलं, बांधांवर तेरडा माजलेला, पायवाटेवर चिखल आणि त्यात जनावरांच्या खुरांची तळी. वाडीच्या तोंडाशी उकिरडा, त्यावर कोंबड्या, आणि तो वास. रविनाने ओढणी नाकाशी नेली, मग आपण काय करतोय ते कळून खाली सोडली. हिरी दारातच जेवत बसली होती. लेकीला बघून ती उठली, चेहरा उजळला, पाय पुढे झाले आणि जागच्या जागी थांबले. काजलने तिच्याकडे झेप घेतली. हिरीने हात पुढे केले नाहीत.

"पयलं बस," ती म्हणाली. आत गेली आणि कोपऱ्यातल्या टोपलीतून पाण्याची बाटली घेऊन आली, दुकानातली, वीस रुपयांची. ती तिने रविनासमोर जमिनीवर ठेवली. "बंद हाय. मी हात नाय लावला तोंडाला. बाजारात पोरांना विचारून घेतली, चांगली कोनती ती. तू येशील म्हनून दोन आनून ठेवल्यात."

रविनाने टोपलीत बघितलं. दुसरी बाटली होती, आणि बाटलीखाली बिस्किटाचा बंद पुडा. आठ दिवस ही बाई आपली वाट बघत होती, आणि वाट बघताना तिने हे जमवलं होतं.

"आये, मला हे नको. तुझ्या मडक्यातलं पाणी दे."

"नको गो. त्यात आळ्या पडतात. तुला सोसनार नाय."

"तू घरी चल. कप-बिप फेकून दिला मी. तू तुझ्या हाताने भरव तिला, कशीही भरव, मी काही बोलणार नाही."

"नाय बोलशील," हिरी म्हणाली. "पन मना दिसतंय ना."

"काय दिसतंय?"

"तुजा त्वांड."

रविनाला रडू येत होतं, रागही येत होता, आणि कडेवरची पोर आजे, आजे करून आक्रोश करत होती. आईची ताटली दारातच पडलेली होती. नागलीची भाकर सुकटीच्या गार रश्श्यात कुस्करून काला केलेला, अर्धा खाल्लेला. वर लाल तेलाचा तवंग, कडेला दोन माश्या, आणि चावून टाकलेल्या भाकरीच्या तुकड्याला दातांची काळसर खूण. रविना खाली बसली. तिने पोरीला मांडीवर घेतलं, माश्या हाकलल्या, आणि त्या उष्ट्या काल्यातला मोठा घास, काळ्या खुणेच्या तुकड्यासकट, उचलून तोंडात घातला. आईच्या डोळ्यांत बघत. बघ, बघ माझं तोंड.

घास तोंडात होता. सुकटीचा खवट वास टाळूला चढला. भाकर ओली, गिळगिळीत, आणि मधे काहीतरी कडक, मासळीचं डोकं असेल, नाहीतर दुसरं काही. गिळ, रविना, तिने स्वतःला सांगितलं. ही तुझी आई. गिळ. तिने जीभ हलवली, घास मागे सारला आणि गळा मिटला. आपोआप मिटला, तिला न विचारता. तिने डोळे घट्ट मिटून पुन्हा जोर केला. डोळ्यांत पाणी आलं, गाल फुगले, कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. प्रेम होतं, लाज होती, सगळं होतं, आणि गळा आपला बंदच. तिला गिळता येत नव्हतं आणि आईसमोर थुंकता येत नव्हतं. तशीच ती बसून राहिली, तोंड भरलेलं, पोर मांडीवर, डोळे वाहताहेत, आणि समोर हिरी, तिच्या गळ्याकडे बघत.

मग हिरी पुढे झाली. लेकीसमोर उकिडवी बसली आणि आपला उजवा हात, काल्याने बरबटलेला, भेगांचा, नखांत माती असलेला, तिने पसरून रविनाच्या हनुवटीखाली धरला.

"थुक गो बाय," ती म्हणाली. "थुक. गुदमरशील."

रविनाने मान हलवली, नाही, नाही म्हणून. हिरीने दुसरा हात तिच्या मानेमागे टेकवला आणि तिचं डोकं हलकेच पुढे वाकवलं. रविना थुंकली. सगळा घास, लाळ, आंबट पाणी, आईच्या तळव्यावर. हिरीने मूठ मिटली आणि लांब हात करून ती दाराबाहेर झटकली, तोच हात लुगड्याला पुसला आणि त्याच हाताने लेकीचं तोंड पुसायला लागली, ओठ, हनुवटी, मग नाकाखालचं, खरखरीत बोटांनी, दाबून दाबून, सुकटीच्या वासाने. रविनाला किळस आली. अंगावर काटा येईपर्यंत आली. तिने तोंड बाजूला घेतलं नाही.